भार कोणी दिला

४ फेब्रुवारी

ती. स्व. अक्कास,
सा. न. वि. वि.

दोन वर्षांपूर्वी एका मंगळवारी सकाळी मी एका दातांच्या डॉक्टरच्या गच्चीला कठडा बसवून पुरा केला, हात धुतले, देवाचं नाव घेतलं, कठड्यावरून पलीकडे एक पाय टाकला आणि तसाच परत घेतला. पुन्हा टाकला, पुन्हा घेतला. वारा नव्हता. कठडा पक्का होता. पण खालचा रस्ता हळूहळू गोल फिरत होता. शेवटी मी खाली बसलो आणि बुटाची नाडी बांधायचं सोंग केलं. त्या बुटाला नाडी नव्हती.

तू विचारलंस की सख्ख्या बहिणीच्या डेकला आणि जिन्याला कठडा बसवायचा, तर मी स्वतः का येत नाही, तुझ्या लेकीला एकटीला का पाठवतो. त्याचं उत्तर त्या सकाळपाशी आहे. दोन वर्षं कोणाला सांगितलं नाही, आज तुला सांगतो.

वडिलांची रीत तू लहानपणी डोळ्यांवर हात धरून बघायचीस. कठडा पुरा झाला की ते पलीकडच्या बाजूला उतरायचे, टाचा काठावर ठेवायच्या, दोन्ही हातांनी वरची नळी धरून सगळं अंग मागे, मोकळ्यात सोडायचे आणि एक अख्खी प्रार्थना म्हणून होईपर्यंत तसे राहायचे. याला ते भार देणं म्हणत. गिऱ्हाईक विसरून टेकणार, म्हणून आपण एकदा आठवून टेकायचं, असं ते सांगत. आणि ज्याने भार दिला त्यानेच शेवटच्या खांबापाशी, नळीच्या खालच्या अंगाला, पंचाने आपला ठसा ठोकायचा. तो गव्हाच्या दाण्याएवढा त्रिकोण. सत्तावीस वर्षं मीही तेच केलं.

त्या दिवशी तुझ्या भिंगरीने माझ्याकडे एकदाच पाहिलं. हातातला पाना ठेवला, पलीकडे उतरली आणि भार दिला. प्रार्थना तिने मनात म्हटली असावी, कारण मी माझी म्हणत होतो आणि आम्ही दोघं एकदमच संपवली. मग मी पंच घेतला आणि माझा ठसा ठोकला.

वैद्यांनी नंतर सांगितलं की कानातला तोल बिघडला आहे, उंची बंद. ते मी ऐकलं. पण ठसा सोडला नाही. त्या गच्चीचा धरून आजवर एकोणीस कठडे झाले, अक्का. एकोणीस वेळा भार भाचीने दिला आणि ठसा मी ठोकला. लोक तो दाखवून पाहुण्यांना सांगतात की कारागीर स्वतः लटकला होता. मी शेजारी उभा राहून ते ऐकून घेतो.

दुकान तिच्या हाती द्यावं असं रोज सकाळी हात जोडताना मनात येतं आणि दुकान उघडेपर्यंत विरून जातं. पन्नाशीच्या तोंडावर मी दुसरं काय आहे ते मला ठाऊक नाही, एवढंच त्याचं कारण.

तेव्हा तुझ्याकडे तीच येईल. भाऊजींना यातलं काही कळू देऊ नकोस. डेकची आणि जिन्याची मापं मात्र लवकर पाठव. त्यांची तब्येत कशी आहे ते सविस्तर लिही. तुझा राग शिल्लक असेल तर तो ठेव, पण मायेच्या खालच्या कप्प्यात.

तुझा,
बापू


११ फेब्रुवारी

चि. बापूस,
अ. उ. आ.

पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा तुझी काळजी वाटली, दुसऱ्यांदा राग आला. दोन वर्षं कानात भोवरा फिरतोय आणि बहिणीला पत्ता नाही. आणि वर माझी पोर तिसऱ्या मजल्यावरून उलटी लोंबकळते, हेही मला तुझ्या बुटाच्या नाडीआडून कळावं. चार वर्षांपूर्वी ती तुझ्याकडे काम शिकायला निघाली तेव्हाच मी म्हटलं होतं की मामाकडे राहून चार बुकं जास्त शीक, लोखंड कसलं घासतेस. तेव्हा तू मला लिहिलंस की ती फक्त नळ्या पुसते. नळ्या पुसणारीचे तळवे असे नसतात, बापू. मागच्या खेपेला तिने माझ्या पाठीला तेल लावलं, मला वाटलं कोणी कानस फिरवतंय.

आता यांचं. झटक्याला आठ महिने झाले. उजवा पाय ओढतात. जिन्याच्या तिसऱ्या पायरीवरून घसरले तेव्हापासून मागचं दार उघडू देत नाहीत. चाळीस वर्षं जो माणूस घड्याळांच्या पोटात शिरून बसला, तो आता खोलीत भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बसतो आणि ते सव्वा मिनिट पुढे आहे असं मला रोज सांगतो. काढून देऊ का विचारलं की नको म्हणतात. पूर्वी सकाळचा चहा डेकवर, मग तेरा पायऱ्या उतरून परसातल्या झाडांना पाणी, असा नेम होता. झाडांना आता मी पाणी घालते. ते म्हणतात मी जास्त घालते.

कठड्याचं ऐकून मात्र त्यांनी मान वर केली. आपल्या वडिलांना आमच्या लग्नाआधी एकदा त्यांनी भार देताना पाहिलं होतं, ते अजून तपशिलाने सांगतात. त्यांचं म्हणणं एकच, की नळीखाली बापूचा त्रिकोण असेल तर आपण हात ठेवू, नसेल तर कठडा सोन्याचा असला तरी खोली बरी. आता तूच सांग मी काय करू.

माझं ऐकशील तर शेवटच्या दिवशी ये आणि ठसा ठोकून जा. एकोणीस झाले तिथे वीस. आजारी माणसाच्या समाधानासाठी देव एवढं पोटात घालेल.

मापं यांनीच दिली. जिना बांधला त्या वर्षी त्यांनी पायरी न् पायरी मोजून वहीत लिहून ठेवली आहे, अर्ध्या मिलिमीटरपर्यंत. ती उतरवून सोबत पाठवते. कानाची हेळसांड करू नकोस आणि या म्हातारीला पत्राला ताटकळत ठेवू नकोस.

तुझी,
अक्का


२ मार्च

ती. स्व. अक्कास,
सा. न. वि. वि.

तुझी बोलणी पोचली, सर्व योग्य जागी लागली. कठडा तयार आहे. परवा भिंगरी टेम्पोत घालून घेऊन निघेल.

तुझ्या लेकीचं काम तू कधी पाहिलं नाहीस, म्हणून लिहितो. ती वेल्डिंग करताना मी मुद्दाम पाठ करून उभा राहतो आणि फक्त ऐकतो. चांगल्या सांध्याचा आवाज तव्यावर मंद आचेवर काही शिजत असल्यासारखा एकसारखा येतो. माझा मध्येच तडतडतो, तिचा तडतडत नाही. घासून झाल्यावर ती डोळ्यांनी बघत नाही, गालाने बघते. नळी गालावरून फिरवते आणि जिथे खरखर लागेल तिथे पुन्हा घासते. मी विचारलं हे कुठून शिकलीस, तर म्हणाली की म्हातारी माणसं, लहान मुलं कठड्याला कुठे कुठे तोंड लावतात ते तिने पाहून ठेवलंय. इतक्या वर्षांत माझ्या हे लक्षात आलं नव्हतं.

एका गोष्टीवरून आमचं थोडं वाजलं. ती म्हणत होती की वहीतली मापं राहू द्यावीत, आपण जाऊन वरच्या खांबापासून खालच्या खांबापर्यंत एकच दोरी ताणून बघावी, आपल्या धंद्यात दोरीच खरी. मी म्हटलं की ज्या माणसाने चाळीस वर्षांत केसाएवढी चूक केली नाही, त्याच्या मापावर दोरी धरणं हा त्याचा अपमान आहे. ती गप्प बसली. तिचं गप्प बसणं तुझ्यासारखंच आहे, पुढचे दोन दिवस ऐकू येतं.

ठशाचं म्हणशील, तर तुझा सल्ला मानतो. रविवारी येतो, खालूनच वाकून ठोकतो आणि भाऊजींच्या हातचा चहा नाही तर निदान त्यांच्याबरोबर चहा घेऊन जातो. पंच तेल लावून पिशवीत ठेवला आहे. ठेवताना बरं वाटलं नाही, पण ठेवला आहे.

भाऊजींना नमस्कार. तू आहेस म्हणून माझ्या चुका घरातल्या घरात राहतात, अशीच राहा.

तुझा,
बापू


७ मार्च

ती. स्व. मामास,
शि. सा. न.

जिन्याची नळी आखूड पडली. बोटभर नाही, पण पाऊण बोट तरी. मी दोन दिवस गप्प बसले होते, आता लिहिते की मी म्हटलं होतं.

डेकचा कठडा काल बसला. खांब नुसते फळ्यांवर बसवले नाहीत. खाली शिरून तुळया ठोकून पाहिल्या, दोन कुजलेल्या निघाल्या, त्या बदलल्या आणि बोल्ट आरपार घेतले. तिथे कोळीण एवढी मोठी होती की तिलाच भार द्यायला सांगणार होते. आज जिन्याची नळी लावली, तर खाली बसते पण वर कोपऱ्याच्या खांबाला पोचत नाही.

आईला सांगितलं तर तिने आधी दार लावलं. म्हणाली, बाबांना कळता कामा नये, त्यांचं माप चुकलं हे कळलं तर उरलासुरला माणूस मोडेल. मी आतून दुसरी नळी घालून सांधा जोडला, घासला, गालाने पाहिला. सापडत नाही. तुम्हालाही सापडला नसता.

बाबांना सापडला. दुपारी हट्ट धरून बसले की ठसा बघायचा. मी सांगितलं की ठसा मामा रविवारी येऊन ठोकणार. तरी म्हणाले, कठडा बघतो. शेजारच्या शिंप्याने आणि मी खुर्चीसकट उचलून त्यांना कोपऱ्यापर्यंत नेलं. आठ महिन्यांनी ते त्या दाराबाहेर आले, मामा, आणि आले ते चूक काढायला. डोळे मिटले, नळीच्या खालून बोट फिरवत गेले आणि थांबले. विचारलं, इथे जोड का आहे.

आई माझा हात चिमटत होती. मी खरं ते सांगितलं. म्हटलं, बाबा, तुमच्या वहीत जिना पाऊण बोट लहान आहे.

त्यांनी तो जोड पुन्हा एकदा बोटाने चाचपला. मग कामाच्या टेबलाच्या ड्रॉवरमधली ती वीतभर पोलादी पट्टी आणायला सांगितली. पुढचं आई लिहिणारच आहे, तिला ते कधी एकदा लिहीन असं झालंय.

पण एक मीच लिहायला हवं. संध्याकाळी मी भार दिला, तेव्हा बाबा बघत होते. मी आत आल्यावर त्यांनी विचारलं की मामाच्या दुकानाच्या सगळ्या कठड्यांना भार हल्ली कोण देतं. नळीची चूक आपल्या घरची होती, ती मी सांगून टाकली. ही तुमची आहे, म्हणून मी गप्प बसले. खोटं बोलले नाही, फक्त गप्प बसले. बाबांना माझं गप्प बसणं कळतं की नाही ठाऊक नाही.

रविवारी याल तेव्हा ग्राइंडरची चाकं आणा. रागावला असलात तरी आणा, माझ्याकडची संपली.

तुमची,
भिंगरी


८ मार्च

चि. बापूस,
अ. उ. आ.

हे पत्र शिंप्याबरोबर पाठवते आहे, तो उद्या तुमच्या बाजूला येतो आहे. रविवारच्या आत तुझ्या हाती पडावं.

यांनी पट्टी हातात घेतली आणि म्हणाले, मला पहिल्या पायरीवर बसव. मी म्हटलं पडाल. ते म्हणाले, बसलेला माणूस कुठे पडतो. बसवलं. पट्टी वीतभर, पायरी वीतभराहून मोठी. म्हणजे एकदा पट्टी ठेवायची, पेन्सिलीने रेघ मारायची आणि रेघेपासून पुढे मोजायचं. तसं त्यांनी तेव्हा केलं होतं, तसंच आता केलं. मग रेघेकडे भिंग लावून पाहिलं आणि, बापू, हा माणूस हसला. खांदे हलेपर्यंत. मला वाटलं दुसरा झटका आला.

म्हणाले, रेघेची जाडी धरलीच नाही. प्रत्येक पायरीला रेघेच्या पलीकडून मोजायला सुरुवात केली, तेरा पायऱ्यांत तेरा रेघा गेल्या. घड्याळवालाच असं करील, म्हणाले. शेंबड्या पोराने दोरी ताणली असती.

मी दार लावून बसले होते की हे ऐकून माणूस मोडेल. माझी पोर मला न जुमानता त्यांच्या तोंडावर खरं बोलली आणि त्याने ते आठ महिन्यांनी हसले. मी इतकी वर्षं संसार करून यांना ओळखलं नाही, तिने एका सांध्यात ओळखलं. मी तिला लोखंड घासणारी म्हणत होते ते मागे घेते. काल तिला भार देताना मी डोळ्यांवर हात धरला नाही. पाहिलं. ती मागे झुकली तेव्हा अगदी आपल्या वडिलांसारखी दिसली, तसंच ओठ मिटलेलं तोंड.

हे काल बसल्या बसल्या पायरी पायरी खाली सरकत, मोजत, चौथ्या पायरीपर्यंत गेले. पण आधाराला नळी धरत नाहीत. मी म्हटलं धरा की, तर म्हणाले, ठसा झाल्यावर. मग वर येताना मला हळूच विचारलं, बापू दोन वर्षांत एकदाही उंचावरचं काम सांगत नाही, त्याच्या पत्रात हल्ली नुसती भिंगरीच असते, असं का. मी चहा ठेवायला निघून गेले.

तेव्हा मागे दिलेला सल्ला मी परत घेते. एकोणीसचे वीस करू नकोस. या घरात आता खोटा ठसा टिकायचा नाही, त्यांचं बोट तो लगेच शोधून काढेल. काय करायचं ते तू ठरव. मी रागवायची नाही, हे मात्र आजच लिहून देते.

तुझी,
अक्का


२९ मार्च

ती. स्व. भाऊजींस,
सा. न. वि. वि.

त्या रविवारी येतो म्हणालो आणि आलो नाही, याबद्दल आधी क्षमा मागतो. तुम्ही जवळजवळ तीन आठवडे वाट पाहिलीत आणि अक्काला मला बोल लावू दिला नाहीत, हे तिनेच कळवलं. हे पत्र तिला न लिहिता तुम्हाला लिहितो, कारण फसवणूक तुमची व्हायची होती.

गेली दोन वर्षं मी कोणत्याही कठड्याला भार दिलेला नाही. माझा तोल गेला आहे. भार भिंगरी देते आणि ठसा मी ठोकत आलो. एकेका ठिकाणी ते फार नव्हतं, तुमच्या रेघेएवढंच. मी प्रत्येक वेळी रेघेच्या पलीकडून मोजत गेलो. अक्काचं पत्र आलं त्या रात्री बेरीज केली, तेव्हा कळलं किती आखूड पडलो आहे.

रविवारी सकाळी पिशवी घेऊन निघालो होतो. प्रार्थनेला उभा राहिलो आणि वाटलं की तुमच्याकडे येण्याआधी आधीच्या एकोणीस घरी जायला हवं. म्हणून गेलो. ज्या गच्चीवर माझा पाय परत आला, त्या दातांच्या डॉक्टरपासून सुरुवात केली. सांगितलं की तुमच्या कठड्याला भार मी दिला नव्हता, माझ्या भाचीने दिला होता. त्यांनी विचारलं, कसला भार, कसला ठसा. दोन वर्षांत त्यांनी नळीखाली पाहिलंच नव्हतं. मी दोन वर्षं झोप घालवली आणि ज्याच्यासाठी घालवली त्याला पत्ताही नव्हता. दुसऱ्या एका घरी आजीबाई रागावल्या. त्या म्हणाल्या की नातवंडांना त्या ठशाच्या भरवशावर खेळायला सोडत होत्या. मग त्यांनी विचारलं, ती मुलगी किती वजनाची. मी सांगितलं. त्यांनी स्वतः जाऊन कठडा हलवून पाहिला, हलला नाही, आणि मला पाणी दिलं. बेकरीवाल्याने तर सांगितलं की त्याने त्या दिवशी खिडकीतून सगळं पाहिलं होतं आणि मी कधी सांगायला येतो याची वाट बघत होता.

एकोणीस ठिकाणी माझ्या त्रिकोणावर मी कानस चालवली. नळीचं खालचं अंग तिथे आता गुळगुळीत आहे. भिंगरीला यातलं काही सांगितलं नव्हतं. तिला वाटतं मी रागावून घरी बसलो आहे आणि ग्राइंडरची चाकं मुद्दाम पाठवली नाहीत.

भाऊजी, मी तिचा गुरू म्हणवतो, पण सत्तावीस वर्षांत मला जे धाडस झालं नाही ते ती आजारी बापापुढे, आईचा चिमटा सोसत करून गेली. उंचावरून अंग सोडायला धीर लागतो असं मी समजत होतो. तो लागतोच. पण तुम्ही नळीवर बोट थांबवून विचारलंत तेव्हा जमिनीवर उभं राहून खरं सांगायला त्याहून जास्त लागला असेल. आणि ज्याने ते ऐकून स्वतःची पट्टी मागवली, त्याच्याबद्दल मी काय लिहिणार. तुमच्या मापावर दोरी धरणं मी अपमान समजलो होतो. दोरी धरली असती तर ही सगळी गंमत राहून गेली असती, एवढंच आता मनाला समजावतो.

आज सकाळी दुकानावरची पाटी उतरवून रंगाऱ्याकडे दिली. काय लिहायचं ते भिंगरीने सांगावं. मी येत जाईन, नळ्या पुसायला माणूस लागतोच. तिथून पोस्टात गेलो. चाकांचा डबा सोबत पाठवला आहे, त्यात चिंधीत गुंडाळून वडिलांचा पंच आहे. ठसा कुठे ठोकायचा ते तिला ठाऊक आहे. नळीखालचं तिला दिसावं म्हणून तुमचं भिंग तेवढं धरा आणि ठोकून झालं की तुमच्या बोटाने एकदा पाहून घ्या.

पोस्टातल्या बाईंनी डबा तराजूवर ठेवला आणि एवढासा असून जड कसा म्हणाल्या. मी पावती घेतली आणि चालत घरी आलो. रस्ता जागच्या जागी होता.

अक्काला नमस्कार. झाडांना पाणी कमी घाला असं तिला तुम्हीच खाली उतरून सांगा. माझ्यावरची माया तुमच्या मापाने, रेघेसकट मोजावी.

आपला,
बापू